सुट्टीतले रंगलेले हात



या व्यासपीठावर आपण एरवी राज्यकारभार, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकता. आज मात्र कणकेचा गोळा, भेंडीचे देठ आणि रद्दीचा कागद यांच्याविषयी एक तास ऐकून घेण्याचा प्रसंग आपल्यावर आला आहे. विषय विचारण्यासाठी चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी भीतभीतच म्हटले, "दोन ते सहा वर्षांच्या मुलांनी सुट्टीत हाताने काय करावे, यावर बोलेन." ते क्षणभर गप्प बसले आणि मग म्हणाले, "अवश्य बोला, बाई. आमच्या घरी असे एक आहे." त्या एका वाक्याच्या धीरावर मी आज उभी आहे. या सभागृहातही बहुतेकांच्या घरी असे एक असेल. मूल नसेल तर नातू असेल, नात असेल.

वैशाखाचे ऊन वाढले की बालवाड्या बंद होतात आणि घराघरातून एकच सूर ऐकू येतो, "आता दिवसभर याला गुंतवायचे कशात?" मोठी मुले पत्ते कुटतात, सायकली हाकतात, मामाच्या गावी आंबे खातात. पण तीन वर्षांच्या मुलाला पत्ते येत नाहीत, गोष्टीचे पुस्तक एकट्याने वाचता येत नाही आणि दुपारी झोपही येत नाही. मग ते ओट्यावरचे डबे उघडते, भिंतीवर पेन्सिल चालवते, उशीचा कापूस उपसते. शेवटी थकलेली आई त्याच्या हातात आपला फोन देते आणि घर शांत होते. त्या आईला मी दोष देणार नाही. मीही आई आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली असे सांगितले आहे की, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसाकाठी तासाभरापेक्षा अधिक वेळ बसवू नये. तेव्हा उरलेल्या दिवसाचे काय करावयाचे, हा प्रश्न राहतोच. त्याचे एक स्वस्त आणि साधे उत्तर मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. परंतु त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगणे मला भाग आहे.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. दिवाळीची सुट्टी होती आणि आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाठविण्यासाठी ती एक शुभेच्छापत्र करीत होती. तिने कागदाच्या मधोमध एक काळपट लाल गोळा काढला, त्याच्या भोवती पिवळ्या रेघा ओढल्या आणि "झाली पणती" म्हणून माझ्याकडे आणली. मी तेव्हा बालवाडीत शिकवीत होते. मला हे समजावयास हवे होते. पण माझ्या मनात आले की, वडिलांपुढे हा चिखल कसा ठेवायचा? मी म्हटले, "थांब हं, जरा नीट करू या." तिचा हात हातात धरून मी नवी पणती काढली. ज्योत रेखीव, काठ सरळ, खाली रांगोळीचे चार ठिपके. दिवाळीला वडील घरी आले आणि ते पत्र हातात घेऊन म्हणाले, "वा! फार छान पणती काढलीस." ती पोर सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "ती मी नाही काढली. ती आईनं काढलीय. मला येत नाही."

मला येत नाही! हे तीन शब्द तोपर्यंत तिच्या तोंडी नव्हते. पुढे काही महिने मी कागद पुढे ठेवला की ती खडू माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आई, तूच काढ." एका रेखीव पणतीसाठी मी ही किंमत मोजली होती. आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे या एका प्रसंगात आले आहे. लहान मुलाच्या हातातली कला मोडावयाला रागावण्याची गरज नसते. कौतुकाने आणि मदतीनेसुद्धा ती मोडते.

आता हे मूल करते तरी काय, ते पाहू. दीड-दोन वर्षांचे मूल प्रथम खडू हातात धरते तेव्हा ते चित्र काढीत नसते. त्याला एक चमत्कार गवसलेला असतो: हात हलवला की मागे खूण राहते! मग ते पुनःपुन्हा हात हलवून तो चमत्कार पारखून घेते. आपण त्याला गिचमिड म्हणतो. रोडा केलॉग नावाच्या अमेरिकेतील एका बालशाळाचालक बाईंनी निरनिराळ्या देशांतील मुलांची लाखो चित्रे जमविली आणि 1969 साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांना या गिचमिडीतून वीस मूळ प्रकारच्या रेघा वेगळ्या काढता आल्या: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी रेघ, गुंडाळी, असे. अक्षरांना जशी बाराखडी, तशी चित्रांना ही रेघांची बाराखडी, असे म्हणावयाला हरकत नाही.

पुढे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एके दिवशी रेघ फिरून आपल्या टोकाला येऊन मिळते आणि गोल तयार होतो. त्या गोलाभोवती किरण आले की सूर्य होतो. त्याच सूर्याचे दोन किरण खाली लांबले की माणूस होतो. डोक्यालाच पाय फुटलेला, पोट नसलेला माणूस! आपण हसतो आणि म्हणतो, "अरे, पोट कुठे याचे?" पण हा बिनपोटाचा माणूस कितीतरी देशांतल्या मुलांनी या वयात काढला आहे. ती चूक नव्हे, ती पायरी आहे. रांगणाऱ्या मुलाला आपण "चालताना चुकतोस" असे म्हणतो काय?

हे ओळखणारी माणसे पूर्वीही होती. फ्रान्झ सिझेक नावाच्या चित्रकाराने 1897 साली व्हिएन्ना शहरात लहान मुलांसाठी कलावर्ग उघडला. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची चुकलेली नक्कल नव्हे, ती स्वतंत्र कला आहे, असे मानणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी तो एक. त्याच व्हिएन्नात शिकून पुढे अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या नीट लावून दाखविल्या आणि छापील चित्रांत रंग भरण्याच्या पुस्तकांना कसून विरोध केला. मोठ्या माणसाने काढलेला रेखीव पक्षी मुलापुढे ठेवला की त्याला स्वतःचा पक्षी लाजिरवाणा वाटू लागतो, हे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. माझ्या पणतीने नेमके हेच केले होते.

परंतु यासाठी व्हिएन्नाला जाण्याचे कारण नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या वस्तीत गेले. परदेशी घडणीची महागडी शैक्षणिक साधने त्या वस्तीला परवडणारी नव्हती. बाईंनी शिंपले, गोटे, पाने, बिया, माती हीच साधने केली. आज गावोगावी ज्या अंगणवाड्या आपण पाहतो, त्यांचे नाव आणि कल्पना या कामातूनच आली. तेव्हा, "आमच्याजवळ रंगाची महाग पेटी नाही," ही सबब तरी महाराष्ट्रात चालण्यासारखी नाही.

आणि त्याहीमागे जाऊन पाहिले तर आपल्या घरच्या सणांत ही कला होतीच. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगण काढतात. त्यात गौरीचा पाळणा, सूर्यचंद्र, गोपद्मे, कासव, तुळस असे सगळे असते. माझी आजी चैत्रांगण काढावयाला बसली की अंगणाचा एक कोपरा आधीच आखून मला देई आणि मूठभर रांगोळी माझ्या ओंजळीत घाली. त्या कोपऱ्यात मी काय केले, हे तिने कधी येऊन पाहिले नाही, पुसले तर मुळीच नाही. बैलपोळ्याचे मातीचे बैल, नागपंचमीचे पाटावरचे नाग, हादग्याचा हत्ती, गणपतीच्या दिवसांतला शाडूचा उरलेला गोळा, दिवाळीतला किल्ला, या साऱ्यांत लहान हातांना वाटा होता. तो वाटा हळूहळू आपण बाजाराकडे सोपवला. मातीचे बैल तयार मिळतात. किल्लेसुद्धा साच्यातून काढलेले, रंगवलेले मिळतात. मुलाच्या वाट्याला उरते ते पाहणे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. भगिनींनी आणि बांधवांनीही, विशेषतः निवृत्त आजोबांनी, इकडे लक्ष द्यावे.

प्रथम दीड ते तीन वर्षांचे मूल घेऊ. याच्यासाठी सर्वांत उत्तम रंग म्हणजे पाणी. एका पेल्यात थोडे पाणी घ्या, जुना दाढीचा ब्रश द्या आणि सकाळी गच्चीवर किंवा अंगणात नेऊन सोडा. कोरड्या फरशीवर ओली रेघ उठते आणि दोन मिनिटांत उन्हाने नाहीशी होते. आपल्याला हे व्यर्थ वाटते. मुलाला त्यातच गंमत वाटते, कारण पाटी आपोआप कोरी होते. खर्च शून्य, डाग शून्य. पेल्यात तळाशी बोटभरच पाणी ठेवावे आणि जवळ बसावे. पाण्याची बादली मात्र एवढ्या मुलाजवळ कधीही ठेवू नये.

दुसरा पदार्थ कणीक. पोळ्या करताना एक गोळा काढून द्या. ते दाबील, चिमटे काढील, बोटाने भोके पाडील, त्यात चमचा रुतवील. थोडी कणीक हळद घालून पिवळी करा, थोडी बीटाच्या रसात भिजवून गुलाबी करा. काही घरांतून मीठ घालून कणीक टिकाऊ करतात. दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ असे तिचे प्रमाण असते. ती चार-पाच वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे. जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालते, त्याला ती देऊ नये. एवढे मीठ पोटात जाणे लहान मुलाला धोक्याचे असते.

तिसरे काम कागद फाडण्याचे. आपण मुलाला आयुष्यभर "फाडू नकोस" म्हणतो. सुट्टीत एक टोपली रद्दी देऊन "फाड" म्हणून पाहा. कागद फाडताना दोन्ही हातांची बोटे एकमेकांच्या उलट दिशेने चालवावी लागतात, आणि हे दोन वर्षांच्या मुलाला वाटते तितके सोपे नसते. फाडलेले तुकडे खळ लावून जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवले की काम पुरे.

खळ म्हणजे काय हे सांगावयाला नको. पतंग चिकटवणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. एक वाटी मैदा चार वाट्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर दाटसर होईपर्यंत ढवळा. गार झाली की तिचे दोन उपयोग. एक चिकटवण्याचा, तो सांगितलाच. दुसरा उपयोग तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी. तीच खळ तीन वाट्यांत घेऊन एकीत हळद, दुसरीत बीटाचा रस, तिसरीत पालकाचा रस कालवा. हा झाला बोटांनी माखावयाचा रंग. ताटात किंवा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मूल तो दोन्ही हातांनी पसरील, त्यात रेघा ओढील, पुसील, पुन्हा ओढील. हळदीचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून मुलाला बनियनवर बसवा आणि खाली जुने लुगडे अंथरा. खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा थोडीच करावी.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून ठसे सुरू करता येतात. भेंडीची देठाकडची बाजू कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. कांदा आडवा कापला तर एकात एक कडी येतात. कोबीचा चतकोर उभा कापला तर अख्खे झाड उमटते. फणसाचे किंवा पिंपळाचे पान घ्या, पाठीमागच्या बाजूला, जेथे शिरा वर आलेल्या असतात तेथे, रंग लावा आणि कागदावर दाबा. किंवा पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासा. शिरा न् शिरा वर येते. हे मुलाला दाखवताना आपण एकदाच करावे आणि मग हात मागे घ्यावा. मूल भेंडी उलटी धरील, पान फाडील, ठशावर ठसा मारून सगळा चिखल करील. करू द्यावे. त्या चिखलात दोन रंग मिसळून तिसरा झाला, हे त्याला आपोआप समजते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला एक जादू दाखवा. जास्वंदीची लाल पाकळी पांढऱ्या कागदावर घासा. लाल पाकळीचा डाग जांभळट येतो. त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका, तो गुलाबी होतो. हळदीचा पिवळा कागद साबणाच्या पाण्याने ओला करा, तो लालसर होतो. असे कागद रंगवून वाळवावे आणि मग मुलानेच बोथट कात्रीने त्यांचे तुकडे कापावेत. आकाशकंदिलाला, पतंगाला, राखीला, मामाला पाठवावयाच्या पत्राला हे तुकडे वर्षभर पुरतात. सुट्टीत एक पेटी करून ठेवा: पिसे, चिंध्या, शंख, वाळलेल्या शेंगा, नारळाची शेंडी, आगपेट्यांची खोकी. मूल तिच्यातून काय काढील, ते आधी ठरवू नका.

काही सूचना सक्त आहेत. शेंदूर कधीही खेळावयाला देऊ नका. त्यात शिसे असते. बाजारातले गुलाल आणि होळीचे चकाकणारे रंग तोंडात जाण्याजोगे नसतात, हे गृहीतच धरा. चिंचोके, मणी, वाटाणे, गुंजा तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती पडू देऊ नका. ते नाकात नाही तर घशात जातात, आणि गुंज तर विषारी आहे. रांगोळीऐवजी तांदळाचे पीठ द्या. दगडाची बारीक भुकटी श्वासात जाणे बरे नव्हे. खडू जाड असावेत आणि मोडून आखूड करून द्यावेत. आखूड तुकडा मूल आपोआप बोटांच्या चिमटीत धरते.

आता या साऱ्यापेक्षा अवघड भाग. मूल काम करीत असताना आपण काय करावयाचे? माझे उत्तर असे की, सामान मांडावे, जवळ बसावे आणि तोंड आवरावे. यातले तिसरे फार कठीण आहे.

आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे काय काढलेस?" बहुतेक वेळा मुलाने काही काढलेले नसते, त्याने हात चालवलेला असतो. पण आपण विचारले म्हणून ते काहीतरी सांगते आणि त्याला उमगते की कागदावर काहीतरी असावे लागते, नसले तर आपले चुकले. त्यापेक्षा जे दिसते ते बोलावे. "तू इथे पुष्कळ निळा लावलास." "ही रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली." मुलाला सांगावयाचे असेल तर ते आपण होऊन सांगते. एकदा एका मुलाने कागदभर काळे फासले होते. मी "असे का केलेस?" हा प्रश्न ओठांवरून परत फिरवला आणि नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आत गाडी आहे. बोगद्यात गेलीय." मी विचारले असते तर त्याने कदाचित "काही नाही" म्हणून कागद चुरगाळला असता.

दुसरे, रंग भरण्याच्या स्पर्धा. सुट्टी लागली की कोठे ना कोठे या स्पर्धा असतात. चार वर्षांची मुले छापील ससा घेऊन बसतात आणि मागे आया उभ्या राहून कुजबुजतात, "रेघेबाहेर जाऊ नकोस, कानाला गुलाबी लाव." बक्षीस कोणाला मिळते, ते आपण जाणता, ज्याची आई उत्तम कुजबुजते त्याला! सहा वर्षांच्या आतल्या मुलाला चित्रासाठी नंबर देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. घरातही थोरल्या भावाचे चित्र शेजारी ठेवून धाकट्याला शिकवू नये.

तिसरे, चित्र झाल्यावर त्याचा मान राखावा. मागच्या बाजूला तारीख आणि मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहावे. भिंतीवर ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. आपण आपल्या उंचीवर लावतो, म्हणजे ते पाहुण्यांसाठी होते.

येथे दोन आक्षेप येतात, ते रास्त आहेत. पहिला वेळेचा. दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात हे सगळे कोणी मांडावे? मी म्हणते, रोज मांडू नका. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे पुरेत. तीन वर्षांचे मूल एका कामात त्याहून अधिक वेळ बसतच नाही. एका खोलीच्या घरात मोरी ही उत्तम कलाशाळा आहे. रंगकाम संपले की मूल आणि मोरी एकदमच धुवून निघतात. पसारा आवरण्याचे काम मुलाकडेही सोपवावे. ओल्या फडक्याने पाट पुसणे हेही त्याला रंगवण्याइतकेच आवडते.

दुसरा आक्षेप असा की, याचा उपयोग काय? अक्षर सुधारेल काय? होय, मनगट आणि बोटे तयार होतात. जो गोल काढतो तो उद्या ट आणि ठ काढतो. पण मी त्यासाठी हे सांगत नाही. शाळेत गेल्यावर पुढची दहा वर्षे प्रत्येक कागदावर दुसऱ्या कोणाची तरी तांबडी शाई येणारच आहे. त्याआधी काही कागद असे असावेत की ज्यांवर बरोबर काय आणि चूक काय हे केवळ मुलाने ठरवले. "हे मी केले," असे म्हणण्याची सवय याच वयात लागते. "मला येत नाही," म्हणण्याचीही सवय याच वयात लागते. दोन्हींपैकी कोणती लागावी, हे बरेचसे आपल्या हातात आहे.

आता माझ्या मुलीचे पुढे काय झाले, एवढे सांगून संपविते. पुढच्या दिवाळीला माझे वडील आमच्याकडे राहावयाला आले. त्यांनी अंगणात विटांचे तुकडे, जुने पोते आणि दोन घमेली माती आणवली आणि स्वतः खुर्ची टाकून बाजूला बसले. शेजारची तीन-चार मुले जमली. ही लांब उभी होती. वडिलांनी तिला "ये" म्हटले नाही. त्यांनी एक वीट हातात घेतली आणि विचारले, "ही आता कुठे?" ती म्हणाली, "मला नाही माहीत." ते म्हणाले, "मलाही नाही," आणि वीट हातात धरूनच बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने बोट दाखवले, "तिथे." त्यांनी वीट तिच्या हातात दिली. दुपारपर्यंत ती कोपरापर्यंत चिखलात होती. किल्ला वाकडा झाला, बुरूज दोनदा ढासळला, अळीव एका बाजूलाच उगवले, आणि शिवाजीमहाराजांच्या सिंहासनाशेजारी तिने मातीचा एक गोळा ठेवला. काळपट गोळा, भोवती काड्या टोचलेल्या. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तिनेच सांगितले, "ही पणती आहे. रात्री महाराजांना दिसायला पाहिजे ना?"

माझी मुलगी मोठी होऊन चित्रकार झाली, असा या गोष्टीचा शेवट नाही. ती चारचौघींसारखी नोकरी करते. पण त्या दिवसापासून खडू पुन्हा तिच्या हातात आला आणि तिने तो माझ्या हातात परत दिला नाही. मला तेवढे पुरे आहे.

उद्या सकाळी आपण घरी असाल, मूल पायांत घोटाळत असेल. एक गोळा कणीक काढून द्या. आणि ते काहीतरी वाकडे करून आपल्यापुढे आणील तेव्हा ते सरळ करण्यासाठी आपला हात पुढे जाईल. तो हात मागे घ्या, एवढीच माझी विनंती आहे.